महात्मा गांधी आणि चुकीची कबुली

खेड्यांतील मंडळ्यांत फिरत असता एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. दोन घरांत तंटा उद्भवतो. कारण बहुधा क्षुल्लकच असते. बांधावरची हातभर जमीन, विहिरीवरील पाळी, किंवा लग्नात राहून गेलेले बोलावणे. पंच बसतात, उपदेशक प्रार्थना करितात, वडील माणसे दोन्ही घरी खेटे घालितात, आणि तरी ती दोन घरे वर्षानुवर्षे प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांकडे पाठ करून बसतात. तंट्याचे मूळ केव्हाच विसरलेले असते. अडते ते इतक्यावरच की, माझे चुकले हे प्रथम कोणी म्हणावे.

ह्याच कारणास्तव आज आम्ही मोहनदास करमचंद गांधी यांचे चरित्र ह्या एका अंगाने वाचकांपुढे ठेवीत आहो. शस्त्र न उचलता त्यांनी इंग्रजांच्या बलाढ्य सत्तेशी तीस वर्षे झुंज दिली, हे शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु ज्या शहाणपणाच्या जोरावर ती झुंज चालली, त्याचा एक मोठा भाग असा होता की, आपले पाऊल चुकले असे दिसताच हा मनुष्य हजारो लोकांदेखत थांबत असे, चूक आपल्या नावावर लिहून घेत असे, आणि तिचा दंड स्वतः भरीत असे. पुढाऱ्यांच्या अंगी हा गुण क्वचित आढळतो. पाळकांच्या अंगीही तो फारसा आढळत नाही, हे आम्ही आपल्याकडे पाहूनच म्हणतो.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडात पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद हे पोरबंदरचे व पुढे राजकोटचे दिवाण. आई पुतळीबाई उपासतापास करणारी, मोठी श्रद्धाळू स्त्री. मोहनदास पंधरा वर्षांचे असता थोरल्या भावाच्या अंगावर सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले. भावाच्या दंडात सोन्याचे कडे होते. त्यातील तोळाभर सोने कापून विकावे आणि कर्ज वारावे, असे दोघांनी ठरविले व तसे केले. कर्ज फिटले, पण मोहनदासांस ती गोष्ट सोसवेना. तोंडाने सांगण्याचे धैर्य होईना, म्हणून त्यांनी एका कागदावर सर्व लिहिले, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याचे वचन दिले, आणि तो कागद वडिलांच्या हाती ठेवून ते समोर बसले. वडील तेव्हा आजारी असून लाकडी फळीवर निजलेले होते. ते उठून बसले, कागद वाचला, डोळ्यांतील आसवांनी तो भिजला. मग क्षणभर डोळे मिटून त्यांनी तो फाडून टाकिला आणि पुन्हा पडून राहिले. एक शब्दही बोलले नाहीत. वडील रागावतील, कठोर बोलतील, असे मुलास वाटले होते. त्या मुक्या क्षमेचा ठसा त्यांच्या मनावर जन्मभर राहिला, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. आम्हांस वाटते की पुढील सर्व गांधी त्या फळीजवळच घडले.

१८८८ साली ते विलायतेस गेले व १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आले. मुंबईस लघुवाद न्यायालयात पहिलाच खटला चालविण्यास उभे राहिले, तो पाय लटपटू लागले आणि तोंडातून प्रश्न फुटेना. ते खाली बसले, घेतलेले तीस रुपये परत केले आणि दुसरा वकील करावा असे पक्षकाराच्या मुनिमास सांगितले. १८९३ साली एका मुसलमान व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाचे तिकीट असताही काळ्या कातडीमुळे त्यांस गाडीखाली उतरविण्यात आले, ती गोष्ट सर्वश्रुत आहे. तितकी सर्वश्रुत नसलेली गोष्ट त्या दाव्याची. वादी दादा अब्दुल्ला व प्रतिवादी तय्यब शेट हे एकमेकांचे नातलग होते. दावा लांबला तर दोघेही वकिलांच्या फीपायी बुडतील, हे पाहून गांधीजींनी त्यांस लवादाकडे नेले. लवादाने दादा अब्दुल्लांच्या बाजूने कौल दिला. सुमारे ३७,००० पौंड व खर्च देणे निघाले. ती रक्कम एकदम द्यावी लागती तर तय्यब शेटांचे दिवाळे वाजते. गांधीजींनी जिंकलेल्या पक्षाची मनधरणी करून लांबलचक हप्ते बांधून दिले. हप्ते मान्य करविणे हे लवाद मान्य करविण्याहून त्यांस कठीण गेले. हरणाऱ्यास उभे राहण्यापुरती जागा ठेवली नाही तर जिंकणाऱ्याचा विजय टिकत नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

आता १९०८ सालची जोहान्सबर्ग येथील हकीकत सांगतो. ती थोडी सविस्तर सांगण्याचे कारण, तीत एक पाळकही आहे. ट्रान्सवालच्या सरकारने हिंदी लोकांस बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती केली होती. तिला लोकांनी विरोध केला व गांधीजींसह पुष्कळांनी तुरुंग पत्करिला. जानेवारीच्या अखेरीस जनरल स्मट्स यांच्याशी समेट झाला: लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग सरकारने कायदा मागे घ्यावा. काही पठाणांस वाटले की गांधींनी पैसे खाऊन कौम विकली. १० फेब्रुवारी रोजी सकाळी गांधीजी नोंदणीसाठी निघाले असता मीर आलम नावाच्या पठाणाने, जो पूर्वी त्यांचाच पक्षकार होता, त्यांच्या डोक्यात काठी घातली. ते बेशुद्ध पडले. पडल्यावरही लाथाकाठ्यांचा मार बसला.

बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक रेव्हरंड जोसेफ डोक यांनी त्यांस इस्पितळात न पाठविता आपल्या घरी नेले. ओठ व गाल शिवले होते, बोलण्यास मनाई होती. शुद्धीवर येताच गांधीजींनी दोन गोष्टी केल्या. मारणाऱ्यांवर खटला करू नये, त्यांनी जे योग्य वाटले तेच केले, अशी तार सरकारी वकिलास पाठविली. आणि नोंदणी खात्याच्या अधिकाऱ्यास कागद घेऊन बिछान्यापाशी बोलावून त्यांनी आपले ठसे दिले, कारण पहिली नोंदणी आपली होईल असे वचन त्यांनी दिले होते. त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. डोकसाहेबांच्या घरी दिवसभर हिंदी लोकांची रीघ लागे. फेरीवालेही येत, श्रीमंतही येत, आणि पाळकीणबाई सर्वांचे आदरातिथ्य करीत. संध्याकाळी त्यांची लहान कन्या ऑलिव्ह रुग्णाच्या विनंतीवरून दाराशी उभी राहून त्यांचे आवडते इंग्रजी भक्तिगीत म्हणे. पुढे एकदा गांधीजींनी डोकसाहेबांस विचारिले की, हिंदी लोकांची बाजू घेतल्याने आपली गोरी मंडळी आपणांवर रुष्ट होणार नाही काय. त्यांनी उत्तर दिले की, माझी भाकर मंडळी देत नाही, देव देतो. मिशनच्या पगारावर जगणाऱ्या आम्हां पाळकांनी हे उत्तर मनात साठवून ठेवण्यासारखे आहे. १९०९ साली ह्याच डोकसाहेबांनी गांधीजींचे पहिले चरित्र लिहिले.

मीर आलमचे काय झाले? गांधीजींची विनंती प्रथम मान्य झाली, पण गोऱ्या नागरिकांनी भर रस्त्यातील मारामारीबद्दल ओरड केल्यामुळे त्यास पुन्हा पकडून तीन महिन्यांची सजा देण्यात आली. इकडे स्मट्स यांनी कायदा मागे घेतला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांवर नोंदणीपत्रे एका मोठ्या कढईत घालून जाळण्यात आली. त्या सभेत मीर आलम उभा राहिला. आपण गांधीजींस मारिले ही चूक झाली असे सर्वांसमक्ष सांगून त्याने आपले पत्र जाळण्यासाठी पुढे केले. गांधीजींनी त्याचा हात हाती घेतला व आपल्या मनात त्याच्याविषयी कधीच राग नव्हता असे सांगितले. सहा महिन्यांपूर्वी ज्यास शिक्षा होऊ नये म्हणून तार गेली होती, तोच मनुष्य आपण होऊन चूक बोलून गेला. तुरुंगातील तीन महिन्यांनी हे घडविले की त्या तारेने, ह्याचा निर्णय वाचकांनीच करावा.

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी कायमचे हिंदुस्थानात आले. १९१७ साली राजकुमार शुक्ल नावाचा एक शेतकरी त्यांच्या पाठीस लागून त्यांस बिहारमधील चंपारण्यात घेऊन गेला. तेथे गोऱ्या मळेवाल्यांच्या जमिनीवर कुळाने बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरलीच पाहिजे, असा जाच होता. जर्मनीत कृत्रिम नीळ निघाली, धंदा बसला, तेव्हा मळेवाल्यांनी ह्या बंधनातून सोडण्याबद्दल गरीब कुळांपासून वाढीव खंड किंवा रोकड रकमा उकळल्या. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम गांधीजींस मिळाला. तो त्यांनी मोडला, आणि १८ एप्रिल रोजी मोतीहारीच्या कोर्टात आपण हुकूम मोडला हे पहिल्याच झटक्यास कबूल केले. मॅजिस्ट्रेट वादविवादाची तयारी करून बसले होते. आरोपीच कबूल करितो म्हटल्यावर पुढे काय करावे हे त्यांस सुचेना. निकाल लांबणीवर पडला व थोड्याच दिवसांत वरून खटला काढून घेण्याचा हुकूम आला.

मग जे काम सुरू झाले ते आम्हांस कोर्टातील प्रसंगाहून मोठे वाटते. बाबू ब्रजकिशोर प्रसाद, बाबू राजेंद्र प्रसाद आदि वकील हजारो कुळांच्या जबान्या लिहून घेऊ लागले. नियम असा की, प्रत्येकाची उलटतपासणी व्हावी, आणि जो तीत टिकणार नाही त्याची जबानी घेऊ नये. गुप्त पोलिसांचा अधिकारी जवळ बसला तरी त्यास हाकलावयाचे नाही; उलट त्याच्यादेखत खोटे बोलण्यास कोणी धजणार नाही हा लाभच. मळेवाल्यांसही भेटून त्यांचे म्हणणे ऐकावयाचे. गरिबाची बाजू घेणारे पुष्कळ असतात. गरिबाचेही शब्द पारखून घेणारे थोडे. त्या वकिलांचे वेगवेगळे आचारी व वेगवेगळ्या चुली होत्या, त्या मोडून गांधीजींनी सर्वांचा एकच स्वयंपाक केला. पुढे सरकारने चौकशी कमिटी नेमली व तीत गांधीजींस घेतले. त्यांनी उकळलेल्या रकमेचा निम्मा भाग परत मागितला. मळेवाले चौथाईवर अडून बसले. गांधीजींनी चौथाई मान्य केली. पुष्कळांस ही माघार वाटली. परंतु मळेवाल्याने कुळास एक रुपया जरी परत केला, तरी तो घेणे अन्यायाचे होते हे त्याने कबूल केले असे होते, आणि आजवर त्याच्यापुढे मान वर न करणाऱ्या कुळास तेवढे पुरेसे होते. १९१८ च्या कायद्याने ती तीन कठ्ठ्यांची सक्ती नाहीशी झाली.

त्याच वर्षी अहमदाबादेस गिरणी कामगारांचा संप झाला. कामगार डळमळू लागताच गांधीजींनी उपोषण आरंभिले आणि तीन दिवसांत तडजोड झाली. मागाहून त्यांनी स्वतःच म्हटले की ह्या उपोषणात दोष होता. गिरणीमालक माझे स्नेही, माझा जीव जाईल ह्या भीतीने ते नमले, न्याय पटला म्हणून नव्हे. हा दोष वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे. त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात ते इंग्रज सरकारच्या फौजेसाठी शिपाई भरती करीत गावोगाव हिंडले, हेही सांगितले पाहिजे. अहिंसेच्या उपदेशकाने हे का केले, त्याची त्यांनी दिलेली कारणे आम्ही वाचली आहेत. ती आम्हांस पटलेली नाहीत. खेड्यातील लोकांसही ती पटली नाहीत. गाड्या मिळेनात, जेवण मिळेना, भरतीही फारशी झाली नाही.

१९१९ साली सरकारने रौलट कायदा केला. त्याअन्वये खटल्यावाचून माणसास कोंडून ठेविता येई. ६ एप्रिल रोजी देशभर हरताळ पडला. गांधीजी पंजाबकडे निघाले असता त्यांस पकडून मुंबईस परत आणिले, त्या बातमीने अहमदाबाद पेटले. सरकारी कचेऱ्या जळाल्या, एक पोलीस सार्जंट मारला गेला, विरमगामास एका सरकारी अंमलदाराचा प्राण गेला, नडियादजवळ रूळ उखडण्यात आले. १३ तारखेस अमृतसर येथे जालियनवाला बागेत जनरल डायरने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या; सरकारी गणतीप्रमाणेच ३७९ माणसे मेली. अशा वेळी सरकारच्या क्रौर्याकडे बोट दाखवून आपल्या लोकांचे अपराध झाकणे किती सोपे होते! गांधीजींनी साबरमतीस सभा बोलाविली, तीन दिवसांचा उपास स्वतः घेतला, आणि १८ एप्रिल रोजी सत्याग्रह स्थगित केला. नडियाद येथे त्यांनी जाहीर सांगितले की, आपल्या हातून हिमालयाएवढी चूक घडली आहे. चूक कोणती, हेही नेमके सांगितले. जो मनुष्य चांगले कायदे शिक्षेच्या भीतीने नव्हे तर मनापासून पाळतो, त्यासच वाईट कायदा मोडण्याचा अधिकार पोहोचतो. लोकांस ती शिस्त लागण्यापूर्वीच आपण त्यांस कायदा मोडण्यास बोलाविले. पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. ह्या ठिकाणी आमचा अनुभव असा की, सामान्य कबुली फुकट असते. आम्ही सर्व पापी आहो, असे प्रार्थनेत सर्वच म्हणतात. अमक्या दिवशी अमके केले ते चुकले, असे म्हणणारा विरळा.

त्याहून मोठी परीक्षा १९२२ साली झाली. असहकाराची चळवळ भरात होती. मागील नोव्हेंबरात युवराजांच्या आगमनदिनी मुंबईस दंगा होऊन स्वागतास गेलेल्या पारशी, ख्रिस्ती व यहुदी लोकांस जमावाने झोडपले होते, आणि गांधीजींनी उपास करून तो शमविला होता. तरी फेब्रुवारीच्या आरंभी बारडोली तालुक्यात करबंदी करण्याची सर्व सिद्धता होऊन व्हाइसरॉयांस सात दिवसांची मुदत गेली होती. इतक्यात ४ फेब्रुवारी रोजी गोरखपूर जिल्ह्यात चौरीचौरा येथे मिरवणुकीचा व पोलिसांचा खटका उडाला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. गोळ्या संपताच ते ठाण्यात शिरले. जमावाने ठाण्यास आग लाविली आणि बाहेर पडणाऱ्यांस कापून काढिले. वीसहून अधिक पोलीस मेले.

बारडोलीपासून ते गाव शेकडो कोस दूर. गांधीजींनी तेथे कोणास काही सांगितले नव्हते. पण मारणाऱ्यांनी त्यांच्या नावाचा जयघोष केला होता. त्यांनी कार्यकारी मंडळाकडून सर्व चळवळ बंद करविली आणि पाच दिवसांचा उपास केला. तुरुंगात पडलेले मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय, तरुण जवाहरलाल हे सर्व संतापले. एका खेड्याच्या अपराधासाठी सर्व देशास मागे का ओढावे, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल पोकळ नव्हता. चळवळ मोडली, लोकांची मने खचली, आणि त्या खेड्यातील माणसांस ह्या माघारीने काही वाचविले नाही. खालच्या कोर्टाने १७२ जणांस फाशीची शिक्षा दिली, त्यांपैकी १९ जणांची हायकोर्टात कायम झाली. माघार घेणे शहाणपणाचे होते की नाही, ह्यावर विद्वानांत अद्याप मतभेद आहे. आमचे मत असे की, ज्या चळवळीने पोलिसास जिवंत जाळिले तिला जिंकू देणे म्हणजे उद्याच्या राज्यास तीच रीत शिकविणे होते. आणि हे लोकांपेक्षा आधी एकट्यानेच ओळखून त्यांचा रोष पत्करणे, हेच त्या पुढाऱ्याचे काम होते.

१० मार्च रोजी त्यांस अटक झाली, व १८ मार्चला अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे खटला चालला. लेखांत राजद्रोह केल्याचा आरोप त्यांनी कबूल केला. सरकारी वकिलाने मुंबई व चौरीचौरा येथील रक्तपाताचा बोजाही त्यांच्या माथी ठेविला. तोही त्यांनी नाकारिला नाही, आणि कायद्यात असेल ती जबर शिक्षा मागितली. न्यायाधीशाने आरोपीचा मान राखून, टिळकांस दिली तितकीच, सहा वर्षांची सजा दिली. येरवड्याच्या तुरुंगात असता १९२४ च्या जानेवारीत पोटातील आंत्रपुच्छ सुजून त्यांचा जीव धोक्यात आला. १२ तारखेच्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक ह्या इंग्रज डॉक्टराने शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. शस्त्रक्रियेपूर्वी गांधीजींनी श्रीनिवास शास्त्री यांस बोलावून लिहून ठेविले होते की, आपले काही बरेवाईट झाले तर डॉक्टरांस दोष देऊ नये व सरकारविरुद्ध क्षोभ माजवू नये. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांस मुक्त केले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाविषयी फार लिहीत नाही. ती कथा सर्वांस पाठ आहे. व्हाइसरॉयांस लिहिलेले पत्र एका इंग्रज क्वेकर तरुणाच्या हाती पाठविले होते, आणि साबरमतीहून दांडीस चालत गेलेल्या तुकडीत आश्रमाची गोशाळा सांभाळणारे केरळचे टायटस नावाचे एक ख्रिस्ती बंधूही होते, एवढे मात्र नमूद करितो.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना लेखणी अडखळते. १९३२ साली सरकारने अस्पृश्य वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले. डॉ. आंबेडकरांनी ते न्यायाने मिळविले होते. २० सप्टेंबर रोजी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ते रद्द व्हावेत म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभिले. उपोषण सरकारविरुद्ध व स्पृश्य हिंदूंच्या विवेकास जागे करण्यासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खरोखर त्या दिवसांत कित्येक देवळे व विहिरी खुल्या झाल्या. पण सर्व भार पडला तो आंबेडकरांवर. महात्मा मेला तर खेडोपाडी आपल्या निराधार लोकांवर काय ओढवेल, ह्या विचारातून त्यांस सुटका नव्हती. २४ तारखेस पुणे करार झाला. ७१ जागांच्या ठिकाणी १४८ राखीव जागा मिळाल्या, आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. आमच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबे ज्या वाड्यांतून आली, त्याच वाड्यांचा हा प्रश्न होता. अहमदाबादच्या उपोषणाचा जो दोष गांधीजींनी स्वतः ओळखिला होता, तोच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर होता असे आम्हांस वाटते. ज्यास नाही म्हणण्याची सोय नाही, त्याची संमती ही संमती कशी? इतरत्र इतके चटकन थांबणारे गांधीजी येथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर दौरा केला, जून १९३४ मध्ये पुण्यास त्यांच्यासाठी टाकिलेल्या बॉम्बमधून ते वाचले, ही तपश्चर्या खरी. पण तीमुळे तो हिशेब मिटला असे आम्ही म्हणणार नाही.

धर्मांतराविषयीही ते आमच्याशी सहमत नव्हते. मिशनच्या शाळा व दवाखाने ही माणसे वळविण्याची साधने होऊ नयेत, असे ते वारंवार लिहीत. डोंगरावरील प्रवचन त्यांच्या हृदयास भिडले होते, दीनबंधू अँड्र्यूज त्यांचे सख्ख्या भावासारखे होते, तरी त्यांचे हे मत शेवटपर्यंत बदलले नाही. आमच्या आजोबांनी पुस्तक हाती धरिले ते कोणाच्या दाण्यापाण्यास भुलून नव्हे, हे आम्ही त्यांस सांगितले असते. त्यांनी ऐकून घेतले असते, एवढे निश्चित.

१९४२ नंतरची कैद पुण्याच्या आगाखान महालात गेली. तेथेच महादेवभाई देसाई व कस्तुरबा वारल्या. १९४६ साली बंगालमध्ये हिंदुमुसलमानांच्या कत्तली झाल्या. सत्याहत्तर वर्षांचा हा वृद्ध नोआखालीत गावोगाव अनवाणी हिंडला. १९४७ च्या ऑगस्टात, देश स्वतंत्र होण्याच्या ऐन तोंडावर, ते कलकत्त्यास बेलियाघाटा भागात एका मोडक्या मुसलमानी घरात राहिले, आणि आपल्याबरोबर त्यांनी हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांस ठेविले. वर्षापूर्वीच्या कत्तलीच्या वेळी हेच बंगालचे मुख्यमंत्री. हिंदू त्यांचे नाव ऐकताच पेटत. एका संध्याकाळी जमावाने घरास वेढा घातला व त्यांस बाहेर काढण्याची मागणी केली. गांधीजींनी त्यांस खिडकीशी आणून त्यांच्या खांद्यावर हात ठेविला. जमावातून कोणी विचारिले की, त्या कत्तलीस आपण जबाबदार नव्हता काय. सुऱ्हावर्दी प्रथम म्हणाले की आपण सर्वच जबाबदार होतो. उत्तर नीट द्यावे, असा पुन्हा आग्रह झाला. तेव्हा त्यांनी सांगितले की होय, ती जबाबदारी माझी होती. जमाव शांत झाला. गांधीजींस मागाहून वाटले की, शहराचे मन पालटले ते त्या क्षणी. ऑगस्टअखेर पुन्हा भडका उडाला, तेव्हा त्यांनी उपास आरंभिला. त्र्याहत्तर तासांनी तो सुटण्यापूर्वी गुंडांच्या टोळ्यांनी येऊन आपली शस्त्रे त्यांच्यापुढे ठेविली.

तेथून ते दिल्लीस गेले. १९४८ च्या जानेवारीत १३ तारखेपासून १८ पर्यंत तेथेही उपास केला. २० तारखेस प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. टाकणारा तरुण पकडला गेला, तेव्हा त्याचा द्वेष कोणी करू नये असे त्यांनी दुसऱ्याच दिवशी लोकांस सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी मीर आलमसाठी पाठविलेल्या तारेतही हेच होते. ३० जानेवारीस सायंकाळी पाचनंतर ते प्रार्थनेस निघाले असता नथुराम गोडसे याने त्यांस गोळ्या घातल्या.

मारणारा पुण्यातील एका दैनिकाचा संपादक होता. आम्हां मराठी लोकांस हे वाक्य लिहिताना मान खाली घालावी लागते. आणि दुसरेही एक लिहिले पाहिजे. त्यानंतरच्या दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत निरपराध ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली, आणि जाळणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या तोंडी गांधीजींचेच नाव होते. खटला चालून नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस फाशीची शिक्षा झाली. तेव्हा गांधीजींच्या दोन पुत्रांनी, मणिलाल व रामदास यांनी, आपल्या पित्याच्या मारेकऱ्यांस फाशी देऊ नये अशी विनंती सरकारास केली. ती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथील तुरुंगात शिक्षा अमलात आली.